एमएस आहे आणि पुण्यात राहायचंय: एक सविस्तर मार्गदर्शक

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, हे नाव पहिल्यांदा ऐकलं की अनेकांना तो हाडांचा आजार वाटतो. प्रत्यक्षात तो मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसेचा आजार आहे. या भागातल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. आपलीच रोगप्रतिकारशक्ती त्याला परकं समजून कुरतडते आणि जिथे आवरण जातं तिथे संदेश अडखळतात. चट्टा कुठे पडला त्यावर लक्षण ठरतं. कुणाची एका डोळ्याची नजर धुरकट होते, कुणाचा पाय जड पडतो, कुणाला मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं. म्हणून या आजाराचे दोन रुग्ण एकसारखे सापडत नाहीत. सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीत होते आणि बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतं. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये त्याचं व्यवस्थित वर्णन केलं, पण आजाराची चाल बदलणारं पहिलं औषध यायला १९९३ साल उजाडलं. त्यानंतर मात्र औषधांची यादी लांबत गेली. आज निदान होणाऱ्या मुलीला वीस-तीस वर्षांपूर्वीच्या रुग्णाच्या गोष्टी सांगून घाबरवणं म्हणूनच चूक आहे.

मी स्वतः एमएस घेऊन बरीच वर्षं पुण्यात राहते आहे. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली. या आजाराचा मोठा भाग बाहेरून दिसतच नाही. थकवा, मुंग्या, तोल, लघवीची घाई, शब्द न आठवणं, यातलं काहीही समोरच्याला कळत नाही. त्यामुळे ते सांगावं लागतं आणि सांगण्याचीही रीत असते. डॉक्टरांना एका तऱ्हेने, सासूबाईंना दुसऱ्या, ऑफिसात तिसऱ्या. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे. औषधाचा निर्णय अर्थातच तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचा.

आधी निदान पक्कं करून घ्या

एका रक्ततपासणीत एमएस कळत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूचा एमआरआय, कधी पाठीतलं पाणी काढून केलेली तपासणी, डोळ्यांची व्हीईपी (नजरेचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोचतो का, याची चाचणी) आणि डॉक्टरांनी हातोडी घेऊन केलेली साधी तपासणी, हे सगळं जुळवून निदान होतं. वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी इजा झाल्याचा पुरावा हा त्याचा पाया.

आपल्याकडे एक गोष्ट मुद्दाम विचारायला हवी. एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) आणि मॉग (याच नावाच्या अँटिबॉडीमुळे ओळखला जाणारा) हे दोन आजार सुरुवातीला हुबेहूब एमएससारखे दिसू शकतात, पण त्यांचे उपचार वेगळे आहेत. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटॅलिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओच्या रुग्णाचं नुकसान करू शकतात. दोन्ही डोळ्यांना एकदम त्रास, मज्जारज्जूत लांबलचक चट्टा किंवा न थांबणारी उचकी-उलटी असं काही झालं असेल तर 'अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडी तपासायच्या का?' असं सरळ विचारा. तपासणी सेल बेस्ड पद्धतीने केलेली असली तर जास्त भरवशाची.

दुसरं मत घ्यायला लाजू नका. ससूनपासून मोठ्या खासगी रुग्णालयांपर्यंत पुण्यात न्यूरॉलॉजी विभागांची वाण नाही. फक्त ज्यांच्याकडे एमएसचे रुग्ण नियमित येतात अशा डॉक्टरांचं मत घ्या. हे कोण, ते रुग्णांच्या गटात पटकन कळतं.

फाइल एक, वही एक

एमआरआयचा छापील रिपोर्ट पुरत नाही, मूळ चित्रं लागतात. सीडी मिळाली की त्याच दिवशी ती पेन ड्राइव्हवर आणि घरच्या कुणाच्या तरी संगणकावर उतरवून ठेवा, कारण पाच वर्षांनी ती सीडी चालेलच असं नाही. शक्यतो एमआरआय दर वेळी त्याच सेंटरमध्ये, त्याच मशीनवर करा. नवा चट्टा आला की जुनाच वेगळ्या कोनातून दिसतोय, हा घोळ त्याने कमी होतो.

वही मात्र रोजची नको. रोज लक्षणं लिहीत बसलं की माणूस स्वतःचाच पहारेकरी होतो. काही नवं झालं तरच लिहा: तारीख, काय झालं, किती वेळ टिकलं, ताप होता का, कशात अडचण आली. 'पायात अशक्तपणा' यापेक्षा 'मंडईपर्यंत चालत जायचे, आता फडके हौदाशीच बसावं लागतं' असं लिहिलेलं डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं. ओपीडीत दहा मिनिटं मिळतात. तीन प्रश्न कागदावर उतरवून न्या आणि सगळ्यात नकोसा प्रश्न पहिला ठेवा. लघवीचा, संबंधांचा, रडू येण्याचा प्रश्न नेहमी 'पुढच्या वेळी' जातो.

फाइलीच्या पहिल्याच पानावर आजाराचं नाव, चालू औषध, शेवटचा डोस कधी झाला, कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि कुणाला फोन करायचा, एवढं लिहा. अपघात विभागात तुमच्या वतीने बोलणारं ते पान असतं.

अटॅक आहे की उन्हाचा त्रास?

ढोबळ नियम असा: नवं लक्षण किंवा जुनंच लक्षण ठळकपणे वाढून चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं, ताप किंवा जंतुसंसर्ग नसला आणि मागच्या अटॅकला महिना उलटून गेला असला, तर तो नवा अटॅक समजतात. डॉक्टरांच्या भाषेत रिलॅप्स.

याउलट, एप्रिलच्या दुपारी लक्ष्मी रोडवरून आल्यावर नजर अंधुक झाली आणि पंख्याखाली बसल्यावर तासाभरात सुधारली, तर तो अटॅक नव्हे. शरीराचं तापमान थोडं जरी वाढलं तरी आवरण गेलेल्या तंतूंमधून संदेश नीट जात नाही. जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. यात नवी इजा होत नाही. एवढं समजलं तरी निम्मी भीती जाते.

म्हणून त्रास वाढला की आधी थर्मामीटर लावा आणि लघवी तपासून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग हा खोट्या अटॅकचा सर्रास आढळणारा दोषी आहे. संसर्ग अंगात असताना घाईने स्टिरॉइड घेतलं तर प्रकरण चिघळतं.

खऱ्या अटॅकमध्ये बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सलाईनमधून तीन ते पाच दिवस देतात. त्याने बरं होणं लवकर होतं, आजार थांबत नाही. प्रत्येक मुंगीला स्टिरॉइड मागू नये आणि देऊ करणाऱ्यालाही 'याची गरज आहे का?' असं विचारावं. ते चालू असताना साखर वाढते, झोप उडते, पित्त होतं, चिडचिड होते. या दिवसांत उपवास नको. संकष्टी असो की एकादशी, देव समजून घेईल. सासूबाईंना समजवायला डॉक्टरांचा कागद उपयोगी पडतो.

औषध निवडताना काय विचारायचं

आजाराची चाल मंदावणारी औषधं तीन तऱ्हांची: गोळ्या, टोचून घ्यायची आणि सलाईनमधून द्यायची. डायमिथाइल फ्युमरेट, टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमॉड या गोळ्यांची भारतीय बनावटीची जेनेरिक रूपं मिळतात आणि खर्चात मोठा फरक पडतो. सलाईनमधल्यांपैकी रिटक्सिमॅब आपल्याकडे बरंच वापरलं जातं. एमएस हा त्याचा अधिकृत नोंदलेला उपयोग नसला तरी अनुभव मोठा आहे, आणि भारतीय बायोसिमिलरमुळे (मूळ औषधाशी मिळत्याजुळत्या प्रतीमुळे) ते त्याच जातीच्या ऑक्रेलिझुमॅबपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

डॉक्टरांशी बोलताना तीन गोष्टी तुम्हीच काढा. पहिली म्हणजे मूल. टेरिफ्लुनोमाइड गर्भाला घातक ठरू शकतं आणि बंद केल्यावरही शरीरात दीर्घकाळ, कधी दोन वर्षांपर्यंत उरतं. ते धुऊन काढायचा वेगळा उपचार आहे, पण त्यासाठी आधी कळायला हवं. लग्न ठरतंय किंवा मुलाचा विचार आहे हे सांगायला संकोच करू नका.

दुसरी म्हणजे सुप्त आजार. रिटक्सिमॅबसारखी, बी-सेल या रोगप्रतिकारक पेशींवर काम करणारी औषधं सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे, आणि क्षयाची तपासणी आपल्या देशात तरी टाळू नये. फिंगोलिमॉडआधी कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आहे का ते बघतात, पहिल्या गोळीनंतर सहा तास हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात आणि पुढे डोळ्यांचा पडदाही तपासतात. लसी शक्यतो औषध सुरू होण्याआधी उरकाव्यात. जिवंत जंतूंच्या लसी नंतर बहुतेक औषधांवर घेता येत नाहीत.

तिसरी म्हणजे पैसे, आणि तेही पुढच्या पाच वर्षांच्या हिशेबाने. अर्ध्यावर परवडेनासं झालं म्हणून औषध बंद करणं महागात पडतं. फिंगोलिमॉड किंवा नॅटॅलिझुमॅब अचानक थांबवलं तर आजार उसळून येऊ शकतो. परवडत नसेल तर तसं आधीच सांगा. पर्याय असतात आणि डॉक्टर त्यावर नाराज होत नाहीत.

ड जीवनसत्त्व बहुतेकांचं कमी निघतं आणि ते भरून काढायलाच हवं, पण साठ हजार युनिटची पाकिटं वर्षानुवर्षं मनाने घेत राहणंही धोक्याचं. पातळी तपासून घ्या. सिगारेट मात्र सोडाच. ती आजार वाढवते, यावर डॉक्टरांत दुमत नाही.

पुण्याचं ऊन आणि पुण्याची दुचाकी

मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर, हे आपले कठीण महिने. बँक, भाजी, दवाखाना सकाळी दहाच्या आत उरका किंवा संध्याकाळी वारा सुटल्यावर. निघण्याआधी पेलाभर गार पाणी प्या, मानेवर ओला पंचा ठेवा, पर्समध्ये पाण्याचा छोटा स्प्रे असू द्या. कूलिंग जॅकेट मिळतात, पण बर्फाच्या पाण्यातून पिळलेला पंचा त्याच्या जवळपास काम करतो. आंघोळीचं पाणी कोमट ठेवा. कडकडीत पाण्याने न्हाऊन बाहेर येताना पाय लटपटून पडणारे बरेच असतात.

थकवा हा वेगळाच प्रकार. रात्रभर झोपूनही तो जात नाही, आणि 'आम्हीही थकतो' हे वाक्य ऐकून तो आणखी वाढतो. उपाय एवढाच की दमायच्या आधी बसायचं. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुणेकरांची एवढी थट्टा होते, पण एमएसवाल्यांनी ही पद्धत बिनदिक्कत उचलावी. त्याचबरोबर थकव्यामागे थायरॉइड, रक्त कमी असणं, झोप न लागणं किंवा नैराश्य तर नाही ना, हेही तपासून घ्या. ही कारणं दुरुस्त होणारी आहेत.

आता दुचाकी. या शहरात गाडी सोडणं म्हणजे पाय तोडल्यासारखं वाटतं, आणि म्हणून लोक ती फार उशिरा सोडतात. चालत्या गाडीपेक्षा थांबलेली गाडी जास्त घात करते. सिग्नलला, उतारावर गाडी एका पायावर तोलावी लागते आणि त्याच पायाला जमीन कळत नसते. घराजवळच्या मोकळ्या मैदानात, कुणीतरी सोबत असताना, थांबणं आणि निघणं करून बघा. शंका आली तर फिजिओथेरपिस्टला विचारा. मागे जास्तीची चाकं बसवलेली स्कूटर हा चांगला पर्याय आहे, फक्त बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करून तशी नोंद करून घ्यावी लागते. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मेट्रोमार्गांनी आपलं बरंच सोपं झालंय: गार डबा, सरकते जिने, लिफ्ट. जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलताना मात्र चालणं बरंच आहे. वेळ हाताशी ठेवा आणि काठी घेतली असेल तर ती दिसू द्या. काठी दिसली की लोक जागा देतात. एरवी तरुण दिसणाऱ्या बाईला 'काय झालंय हिला?' असंच बघतात.

घरात थोडेच बदल करा पण लवकर करा. न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडा आणि प्लास्टिकचं स्टूल. मागे पट्टा असलेली चप्पल, कारण साधी चप्पल सुन्न पायातून कधी निसटली ते कळतच नाही. स्वयंपाकाला उंच स्टुलावर बसा. तव्याची आणि कुकरची धग सुन्न हाताला समजत नाही, म्हणून सांडशी कायम हाताशी ठेवा. आणि पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणा. वाचलेल्या तासात व्यायाम होतो.

व्यायाम आणि लघवी, दोन्हीबद्दल मोकळेपणाने

एकेकाळी एमएसच्या रुग्णाला व्यायाम करू नका असं सांगत. आता सल्ला नेमका उलटा आहे. तोलाचे, ताकदीचे आणि दम वाढवणारे व्यायाम, थोडे थोडे, गार वेळी, आठवड्यातले बरेच दिवस. न्यूरॉलॉजीच्या रुग्णांची सवय असलेला फिजिओ शोधा. गुडघेदुखीवाल्यांना देतात तोच कागद तुम्हाला दिला तर दुसरा बघा. योगासनांत पुणेकरांचं भाग्य असं की खुर्ची, लोड, पट्टे, दोऱ्या वापरून आसनं करायची बी. के. एस. अय्यंगारांची पद्धत इथलीच. आधार घेऊन केलेलं आसन आपल्याला सोसतं. वर्ग लावण्याआधी शिक्षकांना आजार सांगा आणि बंद, गरम खोलीतले वर्ग टाळा.

लघवीचा त्रास फार जणांना असतो आणि त्यावर लोक स्वतःच एक उपाय शोधून काढतात: पाणी पिणं कमी करायचं. त्याने संसर्ग वाढतो, बद्धकोष्ठ वाढतो, थकवा वाढतो. त्याऐवजी लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते याची सोनोग्राफी करून घ्या. घाई होणं आणि पूर्ण रिकामं न होणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिलीच्या गोळ्या दुसरीत त्रास वाढवू शकतात. रिकामं होत नसेल तर स्वच्छ नळी घालून स्वतः लघवी काढायची पद्धत शिकवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण शिकल्यावर अनेक जण पुन्हा नाटकाला, लग्नाला जाऊ लागतात.

घरात कसं सांगायचं

'धडधाकट तर दिसतेस' हे वाक्य घरोघरी आहे. वाद घालण्यापेक्षा एकदा सासूबाईंना किंवा नवऱ्याला ओपीडीत बरोबर न्या आणि डॉक्टरांना एमआरआयवरचे चट्टे दाखवायला सांगा. डोळ्यांनी पाहिलेल्या पांढऱ्या ठिपक्यांपुढे 'नाटकं करते' हे बोलणं टिकत नाही. मदतही नेमकी मागा. 'मला बरं वाटत नाही' यावर कुणी काय करणार? 'संध्याकाळची भाजी तू चिर, मी अर्धा तास पडते' यावर काहीतरी करता येतं. मुलांना त्यांच्या वयाला समजेल तेवढं खरं सांगा, नाहीतर ती स्वतः काहीतरी भलतंच ठरवून बसतात.

नातेवाइकांना मात्र सगळं सांगायची गरज नाही. हळदीकुंकवाला पाय ओढताना दिसलं की दहा जणी दहा उपाय सांगतात. 'नसांचा त्रास आहे, औषध चालू आहे', एवढं एक वाक्य घोटून ठेवा.

लग्नाचा प्रश्न टाळता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: साखरपुड्याआधी सांगावं, मुलीने किंवा मुलाने स्वतः सांगावं, आणि समोरच्याला डॉक्टरांना भेटायची संधी द्यावी. लपवलेलं कळतंच, आणि मग आजारापेक्षा लपवणं मोठं होतं. नकार येतील. सांगूनही जमलेली लग्नं आपल्या आसपास आहेत. आजार थेट वंशाने येत नाही. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता थोडी वाढते, शंभरात दोन-तीन इतकी धरतात. गरोदरपणी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तिमाहीत वाढू शकतात. त्यामुळे त्या तीन महिन्यांची मदत आधीच ठरवून ठेवा.

कागदपत्रं: कंटाळवाणी पण पैशाची

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्रपणे आहे. अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) करायचा आणि मग तपासणी सरकारी रुग्णालयात. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय ही नेहमीची ठिकाणं. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर बहुतेक सवलती लागू होतात: एसटी, पीएमपी, प्राप्तिकर. जुन्या करप्रणालीत पंचाहत्तर हजारांची आणि ऐंशी टक्क्यांवर सव्वा लाखाची वजावट मिळते. आजार चढउताराचा असल्याने प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचंही मिळू शकतं. तपासणीला जाताना चांगल्या दिवसाचा उत्साह दाखवायला जाऊ नका. पडण्याचं, लघवीचं, नजरेचं सगळं न्यूरॉलॉजिस्टच्या पत्रात लिहून घ्या, कारण समितीला चालता-बोलता माणूस दिसला की बाकीचं दिसत नाही.

विम्यात एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. 'क्रिटिकल इलनेस' पॉलिसींच्या ठरवून दिलेल्या व्याख्यांत कायम लक्षणं असलेला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, आणि ती लक्षणं किमान सहा महिने सलग टिकलेली असावी लागतात. निदानाआधी घेतलेली अशी एखादी पॉलिसी, अगदी गृहकर्जाबरोबर गळ्यात मारलेलीसुद्धा, कपाटात पडली आहे का ते शोधा. आरोग्य विम्यात सलाईनमधून दिलेलं औषध डे-केअरमध्ये बसतं का आणि मोनोक्लोनल अँटिबॉडीवर (रिटक्सिमॅब त्यातलंच) मर्यादा आहे का, हे आधी लेखी विचारून घ्या. नोकरी बदलताना नव्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, ते पगाराइतकंच महत्त्वाचं.

ऑफिसात सांगायचं की नाही याला एकच उत्तर नाही. काही सवलत हवी असेल तर सांगावं लागतं, नको असेल तर सक्ती नाही. सांगताना आजाराची कहाणी सांगू नका, गरज सांगा: एसीजवळची जागा, आठवड्यातून काही दिवस घरून काम, दुपारी वीस मिनिटं. हिंजवडीचा रोजचा प्रवास वाचला तरी अनेकांची नोकरी टिकते. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही की हुद्दा कमी करता येत नाही. कायद्याचं कलम वीस तसं म्हणतं.

आपली माणसं शोधणं

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते आहे आणि तिची पुण्यात शाखा आहे. तिथे नाव नोंदवा. बैठका, समुपदेशन, फिजिओथेरपी, औषधांची मदत यातलं सध्या काय चालू आहे ते विचारा. तीस मे हा जागतिक एमएस दिन. त्या सुमाराच्या कार्यक्रमात एका दिवसात बरीच माणसं भेटतात. पुण्याला स्वमदत गटांची चांगली परंपरा आहे. पार्किन्सन्स मित्रमंडळ बघा, कंपवाताचे रुग्ण आणि घरचे मिळून किती काही करतात. या गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात.

पहिल्या बैठकीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक तिथूनच परत फिरतात. नुकतं निदान झालेली मुलगी हॉलमध्ये येते आणि तिला समोर चाकाच्या खुर्चीतल्या काकू दिसतात. झालं, त्या दिवसापासून ती येत नाही. त्या काकूंचा आजार बहुधा औषधं नव्हती त्या काळात सुरू झालेला असतो, हे तिला कुणी सांगत नाही. म्हणून आधी फोनवर एकाच व्यक्तीशी बोला, आपल्या वयाच्या, आपल्याच टप्प्यावरच्या. मग तिच्याबरोबर बैठकीला जा. आणि काकूंशी जरूर बोला. बँकेची कामं कशी करायची, प्रवासात काय न्यायचं, कोणत्या नाट्यगृहात जिना चढावा लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

गटाकडून काय घ्यायचं हेही ठरवून जा. रोजच्या जगण्याच्या युक्त्या, डॉक्टरांचा अनुभव, विम्याच्या क्लेमची वाट, रडायला जागा. औषध कोणतं आणि किती, हे घेऊ नका. एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला घातक ठरू शकतं. विशेषतः दोन गोष्टी गटांतून पसरतात. एक म्हणजे लाखो रुपये घेऊन 'स्टेम सेल' टोचणारी दुकानं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य उपयोग सोडून स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. केमोथेरपी देऊन केलं जाणारं बोन मॅरो प्रत्यारोपण ही वेगळी, गंभीर आणि मोजक्या रुग्णांसाठीची गोष्ट आहे, नावातलं साम्य पाहून फसू नका. दुसरी म्हणजे 'इम्युनिटी वाढवणारे' काढे. आपली प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती भलतीकडे चालली आहे. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि आपल्या काही औषधांचाही यकृतावर ताण येतो. काढा घ्यायचाच असेल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

शुभंकरांची बैठक वेगळी असावी असं माझं ठाम मत आहे. बायको समोर असताना नवरा 'मी थकलोय' म्हणत नाही, आणि आई तर कधीच नाही. मन फारच खाली गेलं तर बैठकीची वाट बघू नका. नैराश्य या आजाराचाच भाग असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही, मराठीतून बोलता येतं.

तुमच्या भागात गट नसेल तर चार जणांचा सुरू करा. जागा तळमजल्याची किंवा लिफ्टची, कमोड असलेली आणि रिक्षा दारापर्यंत येईल अशी. बाकी सोयी नसल्या तरी चालतं. उन्हाळ्यात व्हिडिओ कॉल, थंडीत बागेत सकाळी. दीड तासाच्या पुढे बैठक लांबवू नका, सगळे दमतात. व्हॉट्सअ‍ॅप गटाचे नियम पहिल्याच दिवशी लिहा: औषधाची मात्रा सांगायची नाही, कुणाचा रिपोर्ट पुढे पाठवायचा नाही, चमत्कारांचे व्हिडिओ नाहीत, शुभ सकाळ तर नाहीच. नवीन माणूस आला की त्याला आठवड्याभरात फोन कोण करणार, ते नावानिशी ठरवा. आणि बैठकीची तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. अनंत चतुर्दशीच्या सुमाराला किंवा पालख्या मुक्कामी असताना पेठांमधला हॉल धरला, तर चाकाच्या खुर्चीतलं माणूस सोडाच, धडधाकट शुभंकरही पोचत नाही.